हात ढिला सोड

वाशिमजवळच्या अनसिंगहून एक आबाजी दरवर्षी आमच्या लॉ कॉलेजात खोटी साक्ष द्यायला यायचे. खोटी म्हणजे सरावाची. शेवटच्या वर्षाला आम्हाला एक लुटुपुटीचा खटला चालवावा लागतो. दोन्हीकडचे वकील विद्यार्थीच, न्यायाधीशाच्या खुर्चीत बाहेरून आलेले निवृत्त न्यायाधीश, आणि तेच गुण देणारे परीक्षक. साक्षीदार मात्र विद्यार्थी ठेवत नसत. विद्यार्थी दोस्तीखात्यात पडतो, समोरच्याला पाहिजे ते उत्तर देऊन मोकळा होतो. आबाजींचं तसं नव्हतं. उमेदीच्या काळात ते पोलिसांच्या पंचनाम्यांना पंच म्हणून जायचे, त्यामुळे खऱ्या कोर्टाच्या पिंजऱ्यात उभं राहून त्यांना सवय झाली होती. सवय कसली, आवडच. शुभ्र धोतर, टोपी, खांद्यावर घडी न मोडलेला दुपट्टा. सकाळी यायचे, खटल्यातला आपला जबाब कुणाकडून तरी वाचून घ्यायचे आणि लग्नातल्या मानाच्या पाहुण्यासारखे पिंजऱ्याकडे चालत जायचे.

नियम सोपा होता. जबाबात लिहिलंय ते आबाजींनी बदलायचं नाही. जबाब जिथे गप्प आहे तिथे त्यांना सुचेल ते, त्यांच्या स्वभावाप्रमाणे बोलायचं. आणि त्यांच्या स्वभावापुढे आमच्या कॉलेजातला एकही वकील टिकला नव्हता.

मी सांगतेय त्याच्या आदल्या वर्षी मी मागच्या बाकावर बसून बघत होते. आमच्या वर्गातला सर्वांत खणखणीत आवाजाचा मुलगा त्यांच्यावर टेबल आपटून ओरडला, "तुम्ही धादांत खोटं सांगताय!"

आबाजींनी त्याला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. "वकीलसाहेब, लगन झालं का तुमचं?"

"प्रश्न मी विचारतोय!"

"नाई झालं. म्हणूनच. झालं का हळू बोलता येते मानसाले."

न्यायाधीशसुद्धा हसले. त्या मुलाची उलटतपासणी तिथेच संपली. माझी तर त्याच्याआधी, सुरू होण्यापूर्वीच संपली होती.

मी सिंधुदुर्गातली. वडील गेले तेव्हा आठवीतून शाळा सुटली आणि आईच्या शेजारी काजूच्या कारखान्यात पाट टाकून बसले. काजू फोडताना त्याचं तेल हाताला लागतं, कातडी जळून काळी पडते, बोटं आखडतात. पुढं सतरा नंबरचा फॉर्म भरून बाहेरून दहावी केली, मग बारावी, मुक्त विद्यापीठातून बी.ए. वकील व्हायचं हे कुठून डोक्यात आलं ते एकदा नीट सांगेन म्हणते, पण खरं सांगायचं तर मलाच धड माहीत नाही. प्रवेशाच्या शेवटच्या फेरीत वाशिम आलं. वाशिम कुठे, हे आईला समजावताना मीच अडखळले. "नागपूरच्या अलीकडे," म्हटलं, तर ती म्हणाली, "मगे मुंबयच्या पलीकडे म्हण मां."

वर्गातली मुलं माझ्याहून लहान, चटपटीत. मी वयाने थोराड आणि तोंडाने मुकी. शाळा अर्धवट सुटलेल्या माणसाला एक भीती कायमची चिकटते. वाटतं, आपण जे बोलणार आहोत ते सगळ्यांना आधीच माहीत असणार, आणि आपलं तेवढं चुकणार. पहिल्या खेपेला आबाजींसमोर उभी राहिले. त्यांनी माझ्याकडे अगदी मायेनं पाहिलं. माझ्या तोंडून एकच वाक्य निघालं. "माफ करा." आणि मी बसले. नापास.

त्या दिवसापासून वर्गात माझं नाव 'माफीचा साक्षीदार' पडलं. गुन्ह्यात सामील असलेला, पण माफीच्या बोलीवर फुटून सरकारकडून साक्ष देणारा जो आरोपी असतो, तो. मी आत शिरले की कुणीतरी हळूच पुकारायचं, "माफीचा साक्षीदार हाजिर हाय!" मीही हसायचे. आणि बाकावर बसून उरलेले दिवस मोजायचे.

कारण आता एकच संधी उरली होती. बाकीचे पेपर सुटले होते. हे प्रात्यक्षिक सुटलं तर मी वकील. नाही तर परत कारखाना. आईने तिथली माझी जागा धरून ठेवली होती. मिरगापर्यंत नाही आली तर दुसरीला देईन, असं मालकीणबाईंनी बजावलं होतं, आणि आणखी एक वर्ष घराबाहेर राहणं आम्हाला झेपणारं नव्हतं. माझा पाटसुद्धा तिथेच होता, भिंतीला उभा करून ठेवलेला.

प्रात्यक्षिकासाठी आम्हाला एकेका वकिलाच्या हाताखाली देत. मला ज्या मॅडम मिळाल्या त्या वाशिमच्या जुन्या बाजारातल्या बांगडीवाल्यांच्या घरच्या. त्यांच्या घराण्यात कोर्टाची पायरी चढलेल्या त्या पहिल्याच, तीही काळा कोट घालून. बुटक्या, जाड भिंगाचा चष्मा, आणि आवाज इतका साधा की भाजीवालीशी बोलतायत की साक्षीदाराशी ते कळू नये. पहिल्याच दिवशी मी माझी सगळी कर्मकहाणी सांगून टाकली. शाळा, काजू, माफ करा. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "ठीक आहे. आता माझ्या मागं बसायचं आन् पाहायचं. काही लिहायचं नाही. लिहून राह्यली का पाहणं बंद होते."

मी पाहू लागले. मॅडमच्या उलटतपासणीत काही घडतंय असं वाटायचंच नाही. एकदा मारामारीच्या एका खटल्यात एक तगडा जवान साक्षीदार पिंजऱ्यात आला. छाती पुढे, मुठी आवळलेल्या. मॅडमनी विचारलं, "म्हशी किती तुमच्या? धार तुमीच काढता का?" तो गोंधळला. मग खुलला. कुठली म्हैस लाथ मारते, कुठली दुसऱ्या कुणाला अंगाला हात लावू देत नाही, म्हणून संध्याकाळी त्यालाच बसावं लागतं, सगळं सांगत गेला. मॅडम 'हं, हं' करत होत्या. भांडण संध्याकाळचं होतं. ते चौकात झालं तेव्हा हा गोठ्यात होता, हे त्याने स्वतःच्याच तोंडाने, वर अभिमानाने सांगितलं होतं.

तेव्हाच एक गोष्ट माझ्या ध्यानात आली. पुस्तकात ती मला सापडली नव्हती. वकील प्रश्न विचारतो, साक्षीदार उत्तर देतो, आणि न्यायाधीश त्या दोन्हीचं मिळून एक वाक्य करून टंकलेखकाला सांगतात. 'रोज संध्याकाळी म्हशींची धार मीच काढतो.' बस. प्रश्न विरघळून जातो. कागदावर वकिलाचा आवाज जवळजवळ उरतच नाही, उरतो तो साक्षीदाराचा. मला एवढं हायसं वाटलं म्हणून सांगू! मी समजत होते, वकिलाला गाजायचं असतं. इथे तर चांगल्या वकिलाला नाहीसं होता आलं पाहिजे. नाहीसं व्हायची सवय मला होतीच.

मी तसं मॅडमना म्हटलं. त्या हसल्या नाहीत. "नाहीसं होणं अलग, आन् लपणं अलग," म्हणाल्या. "तू लपून राह्यली. बाजाराच्या दिवशी अम्मीच्या दुकानात जा."

जुन्या बाजारातलं ते दुकान म्हणजे एक ओटा, मागे छतापर्यंत बांगड्यांच्या माळा, आणि मधोमध बसलेल्या मॅडमच्या अम्मी. सगळा बाजार त्यांना खाला म्हणायचा, म्हणून मीही. मला वाटलं होतं, काहीतरी मदत करायला पाठवलंय. खालांनी माझा हातच धरला.

"अल्ला! हात हाय का लाकूड? काय केलं व पोरी याचं?"

"काजू फोडायचे, खाला."

"काजू आमी खातो, आन् हात तुमचे जळतात?" त्यांनी माझी बोटं एकेक करून चोळली. मग अंगठा तळव्यात मुडपला, हिरव्या काचेची बांगडी बोटांवर चढवली आणि अंगठ्याच्या मुळाशी आणली. मी श्वास रोखला. कट्. बांगडी फुटली.

"पाह्य! मी नाई फोडली, तुवा फोडली. कायले आवळून राह्यली? मी काय तुह्या हात तोडून नेतो?"

ओट्यावरच्या बाया हसल्या. एक म्हणाली, "खाला, वकिलीण हाय ती. हातकडी समजली असन!"

दिवसभर मी तिथे बसले. खाला प्रत्येकीचा हात धरायच्या आणि बोलायला लागायच्या. सोयाबीन कसं आहे, सासू कशी आहे, पोराला दात आले का. बाई उत्तर द्यायला तोंड उघडायची आणि तेवढ्यात बांगडी हाडावरून पार झालेली असायची. एकदाही त्यांनी जोर लावला नाही. एकदाही हाताकडे रोखून पाहिलं नाही. मात्र खोटंही काही बोलल्या नाहीत. विचारत होत्या ते त्यांना खरोखर जाणून घ्यायचं होतं, दातांचं सुद्धा. एका बाईने सासूचं गाऱ्हाणं सुरू केलं तर बांगड्या भरून झाल्यावरही खाला पूर्ण ऐकून घेत बसल्या. मागे गिऱ्हाईक खोळंबलं होतं तरी.

संध्याकाळी मॅडम आल्या. "काय पाह्यलं?"

"हात ढिला सोडायला सांगून कुणी सोडत नाही," मी म्हटलं. "मी तर नाहीच सोडला."

"मंग?"

मी माझा रिकामा हात पुढे केला. मॅडमनी ओट्यावरची फुटकी काच गोळा केली. "राहू दे," म्हणाल्या. "आज तू साक्षीदार होती. कसं वाटते ते लक्षात ठेव, बस."

त्यानंतर थोड्याच दिवसांनी शेलूबाजारला कायदा साक्षरतेचं शिबिर होतं. परत येताना जीप मिळाली. शेलूबाजारच्या जीपमध्ये बसणं म्हणजे पोत्यात तूर भरावी तसं. ड्रायव्हर म्हणे, "ताई, सरका जराशा, अजून एक बसते." त्या 'एक'मध्ये माय-लेकरू आणि एक बकरी निघाली. मी मागच्या बाजूला अशी दबले होते की बाहेरचं आभाळसुद्धा दिसेना. तेवढ्यात एक म्हातारबुवा आले. ड्रायव्हरने पुढच्या सीटवर बसलेल्या कॉलेजच्या पोराच्या खांद्यावर थाप मारली. "उठ बे. बाबाले बसू दे." पोरगा लगेच उतरला आणि मागे लोंबकळला. म्हातारबुवा दुपट्टा झटकून पुढे बसले. कुणाला त्यात काही विशेष वाटलं नाही. मला वाटलं. आमच्याकडे जो आधी चढला त्याची जागा. मी तेव्हा एवढंच म्हटलं मनात, बरी आहेत ही माणसं.

परीक्षेचा खटला हातात आला तेव्हा मी तो जबाब वाचला आणि परत वाचला. शेलूबाजारचं जीप स्टँड. आरोपीने सुटायच्या बेतात असलेल्या जीपच्या मागच्या बाजूने एका प्रवाशाची बॅग उचलून पळ काढला. साक्षीदार म्हणतो, 'मी त्याच जीपमध्ये बसलो होतो, मी आरोपीला बॅग नेताना माझ्या डोळ्यांनी पाहिले.' कुठल्या सीटवर बसलो होतो, ते जबाबात नव्हतं.

मी आरोपीची वकील होते.

त्या दिवशी माझ्याआधी आमच्याच बाजूच्या एका मुलाने आबाजींच्या नजरेवर हल्ला चढवला. संध्याकाळची वेळ, वय झालेलं, दिसलं कसं?

"डोयाचं आपरेशन झालं माह्यं," आबाजी म्हणाले. "आता घारीवानी दिसते. तुमच्या शर्टाचं खालचं बटन तुटेल हाय, वकीलसाहेब."

सगळा हॉल हशाने भरला. मुलगा बटण चाचपत बसला. मग माझं नाव पुकारलं गेलं. मागून कुजबुज आलीच, "माफीचा साक्षीदार हाजिर हाय!"

उभी राहिले. आबाजी माझ्याकडे बघून किंचित हसले. मागच्या वेळची मी त्यांना आठवत असणार. त्यांच्या ओठांवर कोरड आली होती, सकाळपासून बोलत होते. ते मला दिसलं, आणि दिसलं तेच मी बोलले.

"सर, साक्षीदारांना पाणी द्यावं का?"

न्यायाधीशांनी मान हलवली. आबाजी पाणी प्याले. तेवढ्या वेळात माझाही श्वास जागेवर आला.

"आबाजी, मी मागे शेलूबाजारहून जीपने आले," मी म्हटलं. "फार दाटी होती. त्या दिवशीही होती का हो?"

"दाटी? बाई, शेलूबाजारची जीप गच्च भरल्याबिगर निंगतच नाई. मांगं तं मानसं एकमेकाच्या मांडीवर. त्यात गाठोडे, त्यात कोंबड्या."

"म्हणजे मागच्या बाजूने बाहेरचं काही..."

"काय दिसते बाहेरचं! मानसाईचे डोकेच डोके."

न्यायाधीश टंकलेखकाला सांगू लागले. 'जीप पूर्ण भरलेली होती. मागील बाजूस माणसांमुळे बाहेरचे काही दिसत नव्हते.' मी वाक्य संपेपर्यंत थांबले. ते माझं वाक्य नव्हतं, आबाजींचं होतं, आणि कागदावर किती शांत दिसत होतं!

"मग तुम्हालाही तिथेच, मागे दाटीत बसावं लागलं असेल."

आबाजी ताठ झाले. दुपट्टा खांद्यावर नीट केला. "मी? मांगं? काहून बसू मी मांगं? ड्रायवरनं पोट्ट्याले उठवलं आन् मले पुढं बसवलं. आजलोक कोनी मांगं नाई बसवलं मले!"

'मी मागे बसलो होतो हे म्हणणे खरे नाही. मी ड्रायव्हरशेजारी पुढच्या सीटवर बसलो होतो.'

"रस्त्याकडे तोंड करून."

"मंग काय मांगं पाहत बसू, नव्या नवरीवानी?"

लोक हसले. माझ्या घशाशी आणखी काहीतरी आलं होतं. 'मग आरोपी तुम्हाला दिसलाच कसा,' असं काहीसं. त्याच्या मागोमाग, खरं सांगते, 'माफ करा' सुद्धा आलं होतं. दोन्ही गिळलं. "उलटतपासणी संपली," म्हटलं आणि बसले. ते हसू ओसरेपर्यंत हॉलमध्ये कुणालाच काही कळलं नव्हतं. मग न्यायाधीशांनी चष्मा काढून पुसला, आणि समोरच्या बाजूची मुलगी धडपडत उठली.

"आबाजी, तुम्ही आरशात पाहिलं होतं ना?"

"सूचक प्रश्न," न्यायाधीश म्हणाले. आपल्याच साक्षीदाराला उत्तर सुचवणारा प्रश्न तिला विचारता येत नव्हता. पण आबाजींनी उत्तर देऊन टाकलं होतं. "आरसा ड्रायवरचा असते, पोरी. माह्या कायचा?"

हे मी अजून विसरले नाही. त्यांना सुटायला दार उघडून दिलं होतं. जबाब आरशाबद्दलही गप्प होता, ते 'हो' म्हणू शकले असते. लुटुपुटीचाच खटला. पण मानाने पुढे बसलेला माणूस आपण ड्रायव्हरच्या आरशात डोकावलो असं म्हणायला तयार नव्हता.

बाहेर व्हरांड्यात ते चहा बशीत ओतून पीत बसले होते. मी पाया पडायला वाकले. भीती होतीच, त्यांच्या मानाचाच मी उपयोग करून घेतला म्हणून.

"रागावलात, आबाजी?"

"राग कायचा? खोटं बोलवलं का तुवा मले?" त्यांनी चहाचा भुरका मारला. "मांगच्या साली माफी मांगे. यंदा पानी पाजून मारलं! बस इथं. चहा घे."

मॅडम हॉलमध्ये मागे उभ्या राहून सगळं बघत होत्या, हे मला नंतर कळलं. त्यांनी शाबासकी वगैरे दिली नाही. तो त्यांचा स्वभाव नव्हे. निकालाचा कागद लागल्यावर मला खालांच्या दुकानात घेऊन गेल्या. खाला कुणाशी तरी बोलत होत्या. बोलता बोलता माझा हात ओढून घेतला, मॅडमना विचारत राहिल्या, "पास झाली का ही? आन् त्या बुढ्याचं काय झालं? जेवून तं गेला ना?" मी आबाजींच्या नव्या नवरीचं सांगत होते. खाली पाहिलं तर हातात बांगड्या होत्या. आताशा वकिलीच्या सनदेची वाट बघत मी मॅडमच्याच मागे बसते. भीती गेलेली नाही. ती बहुतेक जायचीही नाही. पण ती कुठल्या बाकावर बसते ते मला ठाऊक झालंय.

निकाल लागला त्या संध्याकाळी आईला फोन लावला.

"काय गो? जमला?"

"जमला, आये."

तिच्या मागे कारखाना सुटल्याचा गलका ऐकू येत होता.

"मालकीणबायक काय सांगू मगे?"

"माझी जागा दुसऱ्या कोणाक तरी देऊंदे."

"बरां," ती म्हणाली. मग जरा अडखळून, "आणि तुझो पाट? तो घराक हाडू?"

सागवानाचा होता तो, वडिलांनी घरासाठी केलेला. मी हातातल्या बांगड्यांकडे बघितलं.

"नको," म्हटलं. "नवीन येतली, तिका बसूक लागतलो."